मानेसाठी आणि डोकेदुखीसाठी घेतलेलं ॲक्युपंक्चर: माझा अनुभव

डोकेदुखी पूर्ण गेली का? नाही. कमी झाली का? हो, आणि चांगली जाणवण्याइतकी. हे आधीच सांगून टाकते, कारण जाण्यापूर्वी मी जे वाचलं त्यात एक तर चमत्काराच्या कथा होत्या, नाहीतर सरसकट थोतांड म्हणून उडवून लावणं होतं. माझा अनुभव दोन्हींत बसत नाही.

मी मुद्रितशोधन करते. दिवसभर मान खाली, नजर ओळीवर. उजवीकडे मान जिथे कवटीला मिळते तिथून कळ सुरू व्हायची आणि संध्याकाळपर्यंत कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं डोकं धरायचं. डॉक्टरांनी तपासून ताणाची डोकेदुखी असं निदान केलं आणि एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली: साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस, अशी महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. माझ्या गोळ्या त्या आकड्याच्या जवळ पोचल्या होत्या. त्या कमी करायच्या तर हाताशी दुसरं काहीतरी हवं होतं, म्हणून ॲक्युपंक्चरकडे वळले.

पहिल्या ठिकाणी भिंतीवर आजारांची लांबलचक यादी होती आणि सगळे बरे होतात असा दावा. मला कोणती औषधं चालू आहेत हे न विचारताच टेबलावर झोपायला सांगितलं. मी तिथून निघून आले. तुम्हालाही असं कुठे दिसलं तर खुशाल निघा, भीड बाळगू नका.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पहिल्या भेटीत सुईला हात लावण्याआधी बराच वेळ फक्त प्रश्न विचारले. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, इंजेक्शन घेताना कधी चक्कर आली आहे का, जखम चिघळते का. दुखणं अचानक, एका क्षणात सुरू झालं होतं का, हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो का, दिसण्यात काही फरक पडला आहे का, हेही विचारलं. यातलं काही असतं तर सुया न लावता आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी पाहिली. जिभेवरून आणि नाडीवरून काय कळतं याबद्दल मला अजूनही खात्री नाही. पण नंतर त्यांनी मान आणि खांदे बोटांनी चाचपले आणि मी न सांगता नेमक्या दुखऱ्या जागी थांबल्या, तेव्हा आपण योग्य हातांत आहोत असं वाटलं.

आता सुईबद्दल, कारण सगळ्यांची भीती तिथेच असते. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचं टोक तिरकं कापलेलं असतं. ही सुई भरीव असते आणि खूप बारीक. मला लावलेल्या सुया 0.25 मिलिमीटर जाडीच्या होत्या. इंजेक्शनला नेहमी वापरतात ती 22 गेजची सुई साधारण 0.7 मिलिमीटर असते. प्रत्येक सुई बंद, निर्जंतुक पाकिटातून माझ्यासमोर काढली आणि वापरून झाल्यावर सुयांच्या डब्यात टाकली. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना, हे बघाच. सुई छोट्या प्लॅस्टिकच्या नळीतून त्वचेवर टेकवतात आणि वरून बोटाने टिचकी मारतात. टोचल्याचं कळतं न कळतं तोच ती आत गेलेली असते.

खरी जाणीव पुढे होते. सुई स्नायूत पोचल्यावर त्या ती हलकेच फिरवतात आणि मग आत एक जड, दबका ठणका उठतो. चिनी परंपरेत त्याला ‘दे ची’ म्हणतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात ‘हे गू’ नावाचा बिंदू आहे. तिथे सुई लावल्यावर तो जडपणा मनगटापर्यंत सरकला. कवटीच्या कडेखाली लावलेल्या सुईने नेहमीची कळ क्षणभर जागी झाली आणि मग मंदावत गेली. हे सहन होण्यासारखं आहे, पण काहीच जाणवत नाही असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तीक्ष्ण चमक आली किंवा वीज गेल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं. मी एकदा सांगितलं आणि त्यांनी सुई तेवढ्यापुरती मागे घेतली.

खांद्याच्या वरच्या बिंदूला त्यांनी जी काळजी घेतली ती मला फार महत्त्वाची वाटते. तिथे खाली फुप्फुसाचं टोक असतं. त्यांनी स्नायू चिमटीत वर उचलून धरला आणि सुई उथळच ठेवली. फुप्फुसाला भोक पडणं हा या उपचारातला दुर्मीळ पण गंभीर धोका आहे. एरवी प्रशिक्षित हातांत हा उपचार बराच सुरक्षित आहे: 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत 34,000 हून अधिक उपचारांमध्ये एकही गंभीर दुर्घटना नोंदली गेली नव्हती. ‘प्रशिक्षित’ हा शब्द इथे कळीचा. उपचार करणाऱ्याचं शिक्षण कुठे आणि किती झालं, हे विचारायला लाजू नका.

सुया लावून वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं असतं. मी पालथी, चेहरा टेबलाच्या भोकात. त्या भोकाच्या कडेने कपाळ दुखलं. पुढच्या वेळी जाड टॉवेल मागून घेतला. माझी तक्रार एकच, की त्या दुसऱ्या खोलीतल्या पेशंटकडे गेल्या तेव्हा हाक मारायची घंटी माझ्या हातापासून लांब होती. मानेत सुया असताना हलता येत नाही, तेव्हा घंटी हातातच हवी. सांगितल्यावर त्यांनी लगेच व्यवस्था केली. सुया काढताना मोठ्याने मोजून काढतात, ही सवय मला आवडली.

नंतर अंगात सुस्ती भरते. लगेच उठू नका, उपाशीपोटी तर अजिबात जाऊ नका, आणि पहिल्या वेळी शक्य असेल तर सोबत कुणाला तरी न्या. मला एकदा हातावर निळा डाग पडला, तो काही दिवसांत गेला. दुसऱ्या दिवशी खांदे थोडे दुखायचे. एकदा सुयांना क्लिपा लावून हलका विद्युतप्रवाह सोडला. स्नायू ठेक्यात उडत राहतो. कुणाला बरं वाटत असेल, मला नको वाटलं, तर पुन्हा केलं नाही. पेसमेकर असलेल्यांनी हा प्रकार टाळायचा असतो.

फरक कधी पडला? सुरुवातीला नाहीच. मी रोज डोकं दुखलं का, किती आणि गोळी घेतली का, हे लिहून ठेवत होते. काही आठवड्यांनी त्या वहीत कोऱ्या जागा दिसायला लागल्या. दुखायचं तेव्हाही संध्याकाळपर्यंत वाढत जायचं नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं की निम्म्या वाटेवर थांबून वही बघू आणि फरक नसेल तर बंद करू. कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनेतही ताणाची जुनी डोकेदुखी टाळण्यासाठी 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत बैठकांचा विचार करावा असं आहे. म्हणजे महिनोन्‌महिने येत राहा असं कुणी म्हणत असेल तर कारण विचारायलाच हवं.

हे सुईमुळेच झालं का, हा प्रश्न मला टाळायचा नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना फायदा झाला, मुद्दाम चुकीच्या जागी उथळ सुया लावलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. 2018 मध्ये जुन्या दुखण्यांवरच्या 39 चाचण्यांमधल्या 20,827 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुयांमध्ये फरक निघाला, पण तो लहान. ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांच्या तुलनेत मात्र फायदा बराच मोठा होता. माझ्या मते नेमका बिंदू कोणता याला जितकं महत्त्व दिलं जातं तितकं ते नसावं. निवांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देऊन ऐकणं, स्नायूत सुई जाणं, या सगळ्यांचा मिळून तो परिणाम असावा. माझ्या गोळ्या कमी झाल्या हे त्यामुळे खोटं ठरत नाही. मात्र जुन्या दुखण्यांसाठी जो पुरावा आहे तो घेऊन कुणी मधुमेह बरा करतो किंवा इन्सुलिन बंद करा म्हणत असेल, तर तिथे थांबू नका.

चालू असलेलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. माझ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केल्या. आता मोठं पुस्तक हातात असतं आणि मान पुन्हा आखडायला लागते तेव्हा एखाद-दुसरी बैठक घेते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे व्यायाम आणि प्रुफं डोळ्यांच्या उंचीला ठेवणारा तिरका स्टँड मात्र रोजचा आहे, आणि बाईंनीही पहिल्याच दिवशी हे दोन्ही चालू ठेवायला सांगितलं होतं.