एमएलएसचा २०२५ चा सीझन: ईस्ट-वेस्टची वाटणी मले तर लय जमली

ज्याईले फुटबॉल म्हणजे फक्त प्रीमियर लीग वाटते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून राहिलो. अमेरिकेची मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, २०२५ चा सीझन मी ॲपल टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फॉलो केला आणि पैसा वसूल झाला. त्यातही सगळ्यात जास्त आवडली ती कॉन्फरन्सची, म्हणजे टीमच्या ईस्ट अन् वेस्ट अशा दोन गटांची वाटणी, जी पाहून आमच्याकडचे बरेच पोट्टे "दोन दोन टेबल काहून आहेत बे" म्हणतात अन् सोडून देतात.

तर ते असं आहे. टीम ३०, त्यातली सॅन डिएगो २०२५ लेच नवीन आली. १५ ईस्टर्न, १५ वेस्टर्न. आपल्या कॉन्फरन्सच्या १४ टीमसोबत दोन-दोन मॅच, एक घरी एक बाहेर, झाल्या २८, अन् दुसऱ्या बाजूच्या फक्त ६ टीमसोबत एक-एक, टोटल ३४. कारण एकच, अंतर. व्हँकुव्हर ते मायामी चार-साडेचार हजार किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक, दर आठवड्याला एवढा प्रवास करून कोण खेळणार? विदर्भातल्या माणसाले तर हे समजवून सांगायची गरजच नाही, रणजी ट्रॉफीत २००१-०२ पर्यंत झोन होते तेव्हा मुंबई वेस्ट झोनमध्ये अन् आपण सेंट्रलमध्ये, यूपी, एमपी, राजस्थान, रेल्वेसोबत, राज्य एक असूनही. दुलीप ट्रॉफीत आपले प्लेअर अजूनही सेंट्रल झोनकडूनच खेळतात. नॅशव्हिलचं तर पाहा, २०२२ मध्ये त्यांना वेस्टमध्ये टाकलं आणि २०२३ ले सेंट लुईस वेस्टमध्ये आली तर यांना परत ईस्टमध्ये.

फायदा काय, तर ३० टीमचं एकच टेबल असतं तर मधल्या टीमकडे कोणी पाह्यलंच नसतं. इथे दर कॉन्फरन्समधून ९ टीम प्लेऑफले जातात, पहिल्या ७ डायरेक्ट, ८ आणि ९ नंबरवाल्यांची आपसात एक मॅच, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाचं ना कोणाचं अडकलेलं असते. वरतीही तसंच झालं. ईस्टमध्ये फिलाडेल्फिया ६६ पॉइंट, सिनसिनाटी आणि मायामी ६५-६५. वेस्टमध्ये सॅन डिएगो आणि व्हँकुव्हर दोघं ६३ वर, अन् जास्त मॅच जिंकल्या म्हणून सॅन डिएगो पहिली, पहिल्याच वर्षी! मायामीच्या मेस्सीने २९ गोल केले, गोल्डन बूट त्यालेच.

आता जे नाही पटलं ते. ३० पैकी १८ टीम प्लेऑफले घेणं म्हणजे लय झालं. पहिला राउंड तीन मॅचचा, पुढे सगळं एकाच मॅचवर, हे गणित मले पटत नाही, एक तर सगळीकडे तीन ठेवा नाहीतर सगळीकडे एक. आणि ज्या फिलाडेल्फियाने अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट घेऊन सपोर्टर्स शील्ड जिंकली ती कॉन्फरन्स सेमीत न्यूयॉर्क सिटीकडून १-० हरून घरी. शील्डले जी इज्जत मिळायला पाह्यजे ती मिळत नाही, ३४ मॅचची मेहनत आहे ती.

पण प्लेऑफमध्ये जे पाहाले भेटलं ते पाहून मी यातलं बरंचसं माफ करतो. व्हँकुव्हर विरुद्ध एलएएफसी (लॉस एंजेलिसची टीम), वेस्टची सेमी. हाफटाइमले व्हँकुव्हर २-० वर, मग एलएएफसीच्या सॉन ह्युंग-मिनने एक काढला, आणि ९० मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममध्ये त्याचीच फ्रीकिक, भिंतीवरून वळून थेट जाळीत, २-२. एक प्लेअर रेड कार्ड घेऊन बाहेर गेलेला असतानाही व्हँकुव्हरने एक्स्ट्रा टाइम ओढून काढला, पेनल्टी आल्या अन् सॉनचीच पेनल्टी पोलवर लागली. गेली व्हँकुव्हर पुढे. कामठीचा एक दोस्त आहे माझा, लहानपणापासून बॉलच्या मागे पळणारा, त्याले व्हॉट्सॲपवर म्हटलं भाऊ बाकी सगळं सोड, फक्त ही मॅच पाह्य. फायनल मायामीने ३-१ ने घेतली, डी पॉल आणि अयेंदेचे गोल आणि एक सेल्फ गोल. आपल्याकडे ती रात्री १ ले सुरू झाली, तेवढी एक जागून पाहा लागली.

बाकी टायमिंग खेड्यातल्या माणसासाठी एकदम बेस्ट. तिकडं शनिवार संध्याकाळी साडेसातची मॅच असली की तिकडच्या उन्हाळ्याच्या वेळापत्रकात आपल्याकडे रविवार पहाटेचे ५, कॅलिफोर्नियाची असली तर सकाळचे ८. गायीचं दूध काढून, चहा घेऊन बसलं की मॅच, आणि कापूस वेचाले बाया यायच्या आधी ईस्टच्या मॅच संपून जातात. चॅम्पियन्स लीगसारखं रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी वावरात डुलक्या घेणं नाही.

ॲपल टीव्हीच्या ॲपबद्दल: अँड्रॉइडवर ते फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, म्हणून आमच्यासारख्याले शक्य झालं. कॉमेंट्री इंग्रजी आणि स्पॅनिश. २०२५ मध्ये एमएलएस ३६० नावाचा शो होता, एकाच वेळी चालू असलेल्या मॅचमधून उड्या मारत गोल दाखवायचे, कॉन्फरन्सचं टेबल कसं हलून राहिलं ते त्यातच समजायचं. गावात टॉवर कधी धरते कधी सोडते, तवा पूर्ण मॅचच्या नादी न लागता हायलाइट्स पाहा, डेटाही वाचते.

२०२६ पासून सीझन पासचे, म्हणजे एमएलएसच्या मॅचसाठीच्या वेगळ्या पॅकेजचे, वेगळे पैसे नाहीत, ॲपल टीव्हीच्या सबस्क्रिप्शनमध्येच सगळ्या मॅच येतात, इंडियात महिन्याचे ९९ रुपये. नवीन असाल तर दोन्ही टेबल एकदम डोक्यात घेऊ नका, आधी वेस्ट पकडा, त्यात एक टीम निवडा, एक-दोन महिने तेवढंच पाहा.