आठ महिन्यांचे समुपदेशन : एका निवृत्त तांडेलाचा अनुभव

पुण्यात अग्निशमन सेवेत अठ्ठावीस वर्षे काढून मी तांडेल (अग्निशामकांच्या तुकडीचा प्रमुख) म्हणून निवृत्त झालो. आता तरी शांत झोप लागेल, अशी घरच्यांची समजूत होती; झाले उलटेच. पहाटे अडीचच्या सुमारास वर्दीची, म्हणजे आगीची खबर आल्याची, घंटा वाजल्याचा भास होऊन मी उठून बसे आणि अंधारात पायाने बूट चाचपत राही. गॅसचा रेग्युलेटर बसवताना होणारा ‘फुस्स’ आवाज कानी पडताच मी स्वयंपाकघरातून बाहेर पडे, त्यामुळे सिलिंडर बदलण्याचे काम पत्नीकडे गेले. सोसायट्यांमधून सिलिंडरच्या सुरक्षिततेची प्रात्यक्षिके देत फिरलेल्या माणसाच्या घरची ही अवस्था!

पहिल्या समुपदेशन केंद्रात चार बैठका झाल्या. चांगले विचार करा, केलेल्या सेवेचा अभिमान बाळगा, प्राणायाम करा, एवढेच तेथे सांगण्यात आले, आणि बोलणाऱ्या बाईंचा मोबाईल टेबलावर सतत थरथरत होता. मी जाणे बंद केले.

दुसरीकडे जाताना मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच निवडल्या. त्यांनी प्रथम आघातानंतरच्या त्रासाची वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८०; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे ५२ आले. भीती वाटणारी गोष्ट टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण धोका टळून गेला आहे हे मनाला कधी कळतच नाही, असे समजावून त्यांनी प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही, टाळलेल्या आठवणींना आणि गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची, पद्धत सुरू केली. तिच्यात साधारणतः ८ ते १५ बैठका असतात, एकेक दीड तासापर्यंतची. माझ्या आतापर्यंत चौदा झाल्या.

डोळे मिटून एकच वर्दी, जणू आत्ता घडते आहे अशी, पुन्हा पुन्हा सांगायची. ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायची आणि घरी रोज ऐकायची. माझी वर्दी पेठेतल्या एका वाड्याची होती. माझ्या हातून तिथल्या एका आजोबांचा हात सुटला, असे मी कित्येक वर्षे धरून बसलो होतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून ते ध्वनिमुद्रण आठव्यांदा ऐकताना लक्षात आले की, मी चौथ्या पायरीवर असतानाच लाकडी जिन्याचा वरचा भाग कोसळला होता आणि त्यांच्या हातापर्यंत मी पोहोचलोच नव्हतो. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने सात वेळा उच्चारले होते, तरी ऐकू आले नव्हते. त्या दिवशी मी बराच वेळ तेथून उठलो नाही.

याच्या जोडीला, टाळत असलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला ० ते १०० असे भीतीचे गुण द्यायचे आणि खालून सुरुवात करायची. रेग्युलेटरला साठ, वाड्याच्या गल्लीला नव्वद.

मधल्या काळात स्वप्ने वाढली आणि पत्नी म्हणाली, “अहो, पुरे करा आता हे.” असे होऊ शकते, ही कल्पना सायकॉलॉजिस्ट बाईंनी आधीच दिली होती, म्हणून टिकलो.

एका बैठकीला बाराशे रुपये लागले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे असते. परंतु माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चच धरलेला नसल्याने एक रुपयाही मिळाला नाही. बैठकांच्या वेळाही फक्त दिवसाच्या, तेव्हा पाळीत काम करणाऱ्या आमच्या दलातल्या मुलांनी यायचे केव्हा? अग्निशमन केंद्रावर कळेल, ही भीती तर आणखी वेगळी. त्याच कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, हे मी त्यांना सांगत असतो.

एका रात्री १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन केला. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. त्या रात्री आधार मिळाला, पण आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या उपचाराची जागा एक फोन घेऊ शकत नाही. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी आपल्याच पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. तसा अग्निशमन दलासाठीही हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझे गुण १९ आहेत. सायरन ऐकला की मान वळते, पण पहाटे पाचपर्यंत झोप लागते. गेल्या महिन्यात सिलिंडर मीच बदलला. पत्नी दारात उभी होती. वाड्याच्या गल्लीत मात्र अजून एकटा गेलेलो नाही. ते पुढच्या बैठकीपर्यंत करून यायचे आहे.