१० एक्सचं घडीचं भिंग: नऊ महिने झाकणं पाहिल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. मॉसचं बोंड, गोगलगाईचं तोंड, ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीची अंडी, घोळीचं फळ यांवरची झाकणं पाहायची असतील तर १० एक्सचं म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, २१ मिलिमीटर व्यासाचं, तीन काचा एकत्र चिकटवलेलं म्हणजे ट्रिपलेट जातीचं घडीचं भिंग पुरतं. सोबत २० एक्सचंही वापरलं. जून ते फेब्रुवारीत त्याची खरी गरज मोजून तीन-चार कामांना लागली. तिसरं एक स्वस्तातलं, दांड्यावर ‘४०×२५’ (म्हणजे चाळीसपट, २५ मिलिमीटर रुंद) असं ठसठशीत छापलेलं. त्याच्याबद्दल आधी बोलू, कारण पहिल्यांदा भिंग घेणारे बहुतेक जण तिथेच फसतात.

भिंगाची ताकद मोजायला दोन मिनिटं लागतात. खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभं राहा, भिंग भिंतीसमोर धरा आणि खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर रेखीव येईपर्यंत मागेपुढे करा. भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५०ला त्या आकड्याने भागा. खऱ्या १० एक्सला अंतर २५च्या आसपास येतं, २० एक्सला साडेबारा. ‘४० एक्स’ला सव्वासहा मिलिमीटर यायला हवं. पण २५ मिलिमीटर रुंदीच्या साध्या काचेची अख्खी गोटी केली तरी अंतर पावणेएकोणीसच्या खाली जात नाही, म्हणजे तेरापटीच्या वर ती काच जाऊच शकत नाही. आमच्याकडच्या नगाचं अंतर साडेत्रेचाळीस भरलं. हिशेब करा, सहापटीलाही तो पोचत नाही. घेताना आलेखाचा कागदही खाली धरून पाहावा. कडेच्या रेघा वाकल्या आणि त्यांना निळी-तांबडी किनार दिसली तर तो ट्रिपलेट नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

धरण्याची पद्धत चुकली तर चांगलं भिंगही वाया जातं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, धरलेल्या हाताचा अंगठा गालाला लावायचा आणि वस्तू भिंगाकडे आणायची. वस्तू धरलेला हात भिंगाच्या हाताला टेकलेला हवा, नाहीतर थरथर थांबत नाही. उजेड समोरून नको, बाजूने हवा. समोरून आलेला उजेड झाकणाची पाठ चमकवतो आणि कडेची खाच पुसून टाकतो. एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर जाडीच रेखीव दिसते, म्हणून डोंगरासारख्या उंच झाकणाचा कळस आणि कड एकाच नजरेत येत नाहीत.

कड का, तर पाहण्यासारखं सगळं तिथेच असतं. पुस्तकात या साऱ्यांना ऑपरक्युलम हे एकच लॅटिन नाव आहे आणि त्याचा अर्थ झाकण. घडण मात्र प्रत्येकाची निराळी. माशाचं झाकण हाडांचं, गोगलगाईचं तिच्या पायाने पाझरवून थरावर थर चढवलेलं, निलगिरीचं पाकळ्या-निदलं एकजीव होऊन झालेलं. त्यामुळे नुसती पाठ पाहून फार काही हाती लागत नाही. ते कुठून सुटतं, कशाला चिकटलेलं आहे, सांधा शाबूत आहे की फाटला आहे, हे पाहिलं की झाकणाचं काम कळतं.

याचा सगळ्यात रोकडा उपयोग झाला तो शेतात. सोयाबीन-तुरीच्या पानामागे हिरव्या ढेकण्याची अंडी षट्कोनी गठ्ठ्यात असतात, ३० ते १००च्या वर. प्रत्येक अंडं उभ्या पिंपासारखं, मिलिमीटरभर उंच, वर गोल झाकण आणि झाकणाच्या कडेने बारीक पांढऱ्या दाण्यांचं कडं. नुसत्या डोळ्यांना रिकामी अंडी सगळी सारखी दिसतात. भिंगाखाली दोन जाती पडतात. पिल्लू बाहेर पडलं असेल तर झाकण सांध्यावरून स्वच्छ सुटलेलं असतं, बऱ्याचदा एका बाजूला बिजागरीसारखं अडकून उघडं राहिलेलं, आणि त्याच्याजवळ छोटासा काळा त्रिकोणी तुकडा असतो. पिल्लू झाकण ढकलायला वापरतं ती पाचर हीच. पण मित्रकीटकाने, म्हणजे अंड्यात अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाशीने ते खाल्लं असेल, तर झाकण जागच्या जागी असतं आणि त्यातच कुरतडलेलं, वेड्यावाकड्या कडेचं भोक दिसतं. काळा त्रिकोण नसतो. न उघडलेल्या अंड्यांतही फरक करता येतो. फुटायला आलेलं निरोगी अंडं नारिंगी-लालसर होतं आणि झाकणाखाली पिल्लाचे लाल डोळे दिसतात. परोपजीवी असलेलं काळवंडतं. गठ्ठ्यातली बरीच अंडी काळी किंवा कुरतडलेली निघाली तर तिथे फवारणी करणं म्हणजे आपल्याच फुकट मजुराला हाकलणं. पाच-सहा ठिकाणचे गठ्ठे पाहूनच ठरवावं. एका पानावरून निवाडा नको.

पाहायला सगळ्यात देखणं मात्र मॉस. आपल्याकडे सरसकट शेवाळ म्हणतात, त्यामुळे शोधणारा पाण्यात बघत बसतो. जळलेल्या जमिनीवर, जुन्या भिंतीच्या पायथ्याशी फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस सापडतं. दोन-पाच सेंटिमीटरचा तांबूस देठ आणि टोकाला नासपतीसारखं, एका बाजूला कललेलं दोन-तीन मिलिमीटरचं बोंड. त्यावर आधी लांब चोचीची पातळ टोपी असते. ती झाकण नव्हे, तिथे हमखास गोंधळ होतो. टोपी नखाने अलगद निघते. तिच्याखाली बशीसारखं बसकं जे दिसतं ते झाकण. हिरवं बोंड घेऊ नका, सांधा अजून तयार नसतो आणि सुई लावली की बोंडच फाटतं. पिवळट-तपकिरी झालेलं निवडा. झाकण आणि बोंड यांच्यामध्ये मोठ्या पेशींचं एक कडं असतं, १० एक्सला लालसर रेघेसारखं दिसतं. सुईच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन त्या रेघेला टेकवायचा आणि थांबायचं. कडं पाणी पितं, फुगतं आणि फितीसारखं उलगडत सुटतं. मग झाकण सुईने नुसतं सरकवलं तरी निघतं. पाणी न लावता उपटलं तर खालचे दात मोडतात. नव्वद टक्के फसलेले प्रयोग इथेच फसतात.

आत १६ तपकिरी दात चक्राकार पिळलेले, टोकं मध्यभागी एका ठिपक्यात जुळलेली. त्यांच्या आत आणखी १६ फिकट दात असतात, पण ते १० एक्सला ओझरते दिसतात. इथे २० एक्स काढावं. भिंग न हलवता बोंडावर हलकासा उच्छ्वास सोडा. दमट हवेने दात आत झुकतात, सुकले की फटी उघडतात. कोरड्या दिवशीच बीजाणू बाहेर पडावेत अशी ही सोय. सह्याद्रीत आढळणाऱ्या पोगोनॅटम या मॉसचा मामला वेगळा. टोपी केसाळ, आणि झाकण काढलं की ३२ बुटक्या दातांवर ताणलेला पांढरा पडदा दिसतो, डफाच्या कातड्यासारखा. दातांच्या मधल्या भोकांतून बीजाणू मिठाच्या डबीतून सांडावेत तसे सांडतात.

गोगलगायींसाठी १० एक्स जरुरीपेक्षा जास्तच आहे, तरी काम सोपं होतं. भातखाचरातल्या पायला गोगलगाईचं झाकण चुनखडीचं, बाहेरून वाढीची एकात एक वलयं, त्यांचा मध्य एका बाजूला सरकलेला. उलट्या बाजूला चकचकीत सायीच्या रंगाचा लंबगोल उंचवटा, तिथे स्नायू धरतो. वलयं मध्येच तुटलेली किंवा कड चिरलेली असेल तर ते झाकण कधीतरी दुखावलेलं आहे. सह्याद्रीच्या जंगलातल्या सायक्लोफोरस गोगलगाईचं झाकण शिंगासारख्या द्रव्याचं, तंतोतंत गोल आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळत गेलेलं. २०२२ साली मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय, मूळची आफ्रिकन, तिला मात्र झाकण मुळातच नाही. कोरड्या दिवसांत तिच्या तोंडावर जो पांढरट पापुद्रा दिसतो तो वाळलेल्या चिकाचा आहे. त्याला वलयं नसतात, उलट बाजूला स्नायूची खूण नसते आणि बोट लावलं की तो तुकडे होऊन गळतो. असा पापुद्रा असलेले शंख बांधावर सापडले तर ते रिकामे समजून सोडू नका, आत जनावर जिवंत असतं आणि पावसाची वाट बघत असतं. हातमोजे घालूनच उचला आणि नंतर साबणाने हात धुवा. या गोगलगायींतून उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताचा संसर्ग माणसाला होऊ शकतो.

काष्ठौषधींच्या दुकानात धुपासाठी मिळणारा नखला हेही समुद्री गोगलगाईचं झाकणच. भिंगाखाली वाढीच्या रेघा आणि आतल्या बाजूची स्नायूची खूण, दोन्ही दिसायला हव्यात.

माशाच्या बाबतीत भिंगाने फारसा फरक पडला नाही. ताजेपणासाठी झाकण उचलून कल्ले बघणं पुरतं, डोळे आणि नाक त्यासाठी बास. भिंग कामाला आलं ते कल्ल्यांवरचे परजीवी बघायला. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा पांढरा ठिपका आणि त्याला दोन समांतर लांबट पिशव्या दिसल्या तर त्या अंड्यांच्या पिशव्या, आणि ठिपका म्हणजे कोपेपॉड या बारीक कवचधारी जलजीवाची मादी. झाकण चार हाडांचं असतं. त्यातलं पुढचं हाड जिताड्यात करवतीसारखं दातेरी आणि कोपऱ्यात काट्याचं असतं. तिथे बोट घालण्याआधी बघून घ्या. मुशीला झाकणच नाही, पाच उघड्या फटी. झाकणाच्या हाडावरची वलयं मोजून माशाचं वय काढतात खरं, पण आपल्या उष्ण पाण्यात प्रत्येक वलय म्हणजे एक वर्ष असं धरून चालू नये.

घरात सगळ्यात जास्त मागणी आली ती लिखा बघायला. लिखेलाही झाकण असतं, केसाला चिकटलेल्या बाजूच्या विरुद्ध टोकाला, बारीक फुगवट्यांचं. झाकण जागेवर, आत तपकिरी भरीव, आणि टाळूपासून ५-६ मिलिमीटरच्या आत असेल तर अंडं जिवंत असण्याची शक्यता मोठी. झाकण गेलेलं, टरफल पारदर्शक पांढरं आणि केसावर दोन-तीन सेंटिमीटर पुढे, तर ते कधीच फुटून गेलेलं आहे. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, अंडं आठवडा-दहा दिवसांत फुटतं. हिशेब तुम्हीच जुळवा. रिकाम्या टरफलांसाठी पुन्हा औषध लावायची गरज नाही, बारीक दातांची फणी बस्स.

तणांतली घोळ. तिचं फळ बरोबर कमरेतून आडवं फाटतं आणि वरचा शंकू टोपीसारखा निघतो. कडेची रेघ पिवळट दिसू लागली की आतलं मिलिमीटरहून लहान काळं बी तयार समजा. असं तण उपटून बांधावर टाकलं तरी बी पिकतं, कंपोस्टात तर मुळीच टाकू नये. माठ-राजगिऱ्याचं फळही असंच आडवं उघडतं. इसबगोलाचंही तसंच, आणि म्हणूनच पिकलेल्या इसबगोलावर पाऊस पडला की बी जमिनीवर. केन्याच्या बियेवर एका बाजूला गोल खळगा दिसतो, तेही झाकणच. कोंब त्याला ढकलून बाहेर येतो. निलगिरीची कळी हातात घ्या. टोपीखाली बऱ्याच जातींत एक गोल वण असतो, आधी गळून गेलेल्या बाहेरच्या टोपीचा. युकॅलिप्टस या नावाचा अर्थच ‘नीट झाकलेलं’. ते नाव अठराव्या शतकाच्या शेवटी लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं.

जमलं नाही ते असं: यकृतातल्या चपट्या कृमीच्या अंड्याला झाकण असतं, पण अंडंच ०.१५ मिलिमीटरपर्यंतचं, त्याला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो. परागकणांवरच्या झाकणांचंही तेच. २० एक्सची अडचण अशी की वस्तू सव्वा सेंटिमीटरवर आणावी लागते, तिथे उजेड पोचत नाही आणि सुई घालायला जागा उरत नाही.

निगा. माशाचा चिकट स्राव काचेवर वाळू देऊ नका. आधी फुंकर-पंपाने वाळूचे कण उडवा, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात कापूस भिजवून पिळून पुसा. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही नाही, तीन काचांमधला डिंक कडेने विरघळतो आणि आत धुरकट चंद्रकोर उमटते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डबीत ठेवा. भिंगाच्या आत बुरशी शिरली की ती घरी निघत नाही. बिजागरीचा स्क्रू पाचव्या महिन्यात सैल झाला. अर्धा फेरा आवळून वर नेलपॉलिशचा टिपका ठेवला, अजून टिकून आहे. समुद्रकाठच्या वापराने घडीवरचा मुलामा दोन जागी उडाला, काचेला काही नाही. दोरी मात्र पहिल्याच दिवशी बांधा, आणि भडक रंगाची बांधा.