ठाणे ते लंडन: आईसाठी घेतलेली व्हीलचेअर सेवा

जानेवारीत नौपाड्याहून निघताना सुमारे दहा तासांच्या उड्डाणापेक्षा हीथ्रोवरील लांबलचक चालण्याचीच चिंता अधिक होती, कारण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. आधी नोंदवलेले शाकाहारी जेवण विमान कंपनीने दिलेच नाही आणि आईला डब्यातल्या दशम्यांवर भागवावे लागले, ही चूक अक्षम्य आहे. विनामूल्य व्हीलचेअर सेवा मात्र उत्तम! विमानाच्या दारातच उभ्या असलेल्या मदतनीस बाईंनी आईच्या गुडघ्यांवर शाल नीट पसरली, पासपोर्ट तपासणी होईपर्यंत सोबत केली आणि घड्याळ साडेपाच तास मागे घेण्याची आठवणही दिली. परक्या देशाची आईला झालेली ती पहिली ओळख. ज्येष्ठांसाठी ही सेवा किमान ४८ तास आधी अवश्य नोंदवावी.