वजन तेवढेच भरले, सोने मात्र गेले

आईच्या लग्नातली अंगठी आम्ही दुरुस्तीला दिली, तेव्हा तिची बोटाभोवतीची कडी झिजून एका बाजूने तडकली होती. पुण्यातल्या ज्या पेढीवर गेलो, तिथे ती काट्यावर ४.८६० ग्रॅम भरली. पावतीवर मात्र ‘अंगठी १ नग, डाग व पॉलिश’ (डाग म्हणजे मिश्रधातू वितळवून तडा सांधणे) एवढेच लिहिले गेले आणि वजन लिहून द्या म्हणायला मलाच संकोच वाटला.

आठवड्याने अंगठी परत आली, तीही बरोबर ४.८६० ग्रॅमची. घट शून्य म्हणून मी खूश झाले. खरे तर तिथेच संशय यायला हवा होता, कारण कानस लावून, डाग देऊन पॉलिश केलेला दागिना काही मिलिग्रॅम तरी इकडेतिकडे होतोच. आईला मात्र वेगळेच खटकले. कडीच्या आत वडिलांनी कोरून घेतलेल्या ‘७८’मधला कललेला आठ आता सरळ झाला होता. “पॉलिशमध्ये पुसट झाले होते, पुन्हा कोरून दिले, त्याचे पैसे नाही लावले,” असे उत्तर मिळाले आणि आम्ही वर आभारही मानले!

पावसाळ्यात कडीखालची त्वचा काळी पडू लागली, तेव्हा अंगठी हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेतली. तिथले एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणारे) यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते, त्यामुळे मुलामा दिलेल्या जागी टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, चांगलाच दिसतो. म्हणून मुलामा उडालेल्या आतल्या बाजूनेही तपासायला सांगितले. वरच्या फुलात सोने ९१ टक्के निघाले, कडीत ५८. म्हणजे जुनी कडी काढून साधारण १४ कॅरटची बसवली होती आणि तीन ग्रॅमच्या कडीमागे एक ग्रॅम शुद्ध सोने गेले होते.

“डागामुळे टंच उतरतो,” असे पेढीवर सांगण्यात आले. सांध्यापाशी उतरतो हे खरे, पण सबंध कडीत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली, पण पुरावा काय दाखवणार? देशात सोन्याला हॉलमार्क २००० साली आला, अंगठी १९७८ची. तिच्यावर कसलीच खूण नव्हती आणि पावतीवर ना वजन होते ना टंच.

आता दागिना देण्याआधी मी तो तपासून घेते, काट्यावर ठेवूनच आतल्या कोरीव अक्षरांसकट त्याचा फोटो काढते आणि वजन व कॅरट पावतीवर लिहून मिळाल्याशिवाय हातातून सोडत नाही. कडी बदलून घेऊ या असे आईला दोनदा विचारले. ती म्हणाली, नवा आठ कोण कलता कोरून देणार आहे?