मऊ प्रेट्झेलचं घरगुती किट: पीठ उत्तम, सोड्याची पुडी अपुरी

कडाक्याच्या थंडीत ओव्हन तापलेला असणं हेच मोठं सुख, आणि त्यातून तांबूस, चकचकीत, मिठाचे खडे चिकटलेले मऊ प्रेट्झेल (गाठीसारखे वळलेले जर्मन पाव) बाहेर आले तर आणखी काय हवं! घरी प्रेट्झेल करण्यासाठी तयार किट मिळतं. त्यात 500 ग्रॅम पिठाचं मिश्रण (मैदा, मीठ, साखर आणि मॉल्ट पावडर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची पूड), 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 40 ग्रॅम खाण्याचा सोडा, 20 ग्रॅम जाड मीठ आणि कृतीचा कागद असतो. आपण घालायचं फक्त 250 मिली पाणी आणि 30 ग्रॅम बटर. एवढ्यात आठ प्रेट्झेल होतात.

हे किट घेण्यासारखं आहे. मात्र कागदावरची कृती जशीच्या तशी केली, तर हाती येतील ते प्रेट्झेलच्या आकाराचे पाव. असं का होतं आणि त्याच पुड्यांतून खरे प्रेट्झेल कसे काढायचे, ते सविस्तर सांगायला हवं.

आधी पीठ, कारण किटमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. 500 ग्रॅम मिश्रणाला 250 मिली पाणी म्हणजे पीठ घट्टच मळलं जातं. पावासाठी सैल, हाताला चिकटणारं पीठ मळायची सवय असेल तर इथे आणखी पाणी घालायचा मोह होतो. घालू नका. सैल पिठाची दोरी लांबवताना मधेच लोळागोळा होते, गरम पाण्यात बुडवल्यावर आकार पसरतो आणि मधली भोकं बुजतात. पहिली तीन-चार मिनिटं पीठ कोरडं, तुटक लागेल. मग मऊ केलेलं बटर थोडं थोडं घालत आणखी आठ मिनिटं मळा. बोटानं दाबल्यावर पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ पण भरीव लागलं की झालं. मॉल्ट पावडर आधीच मिसळलेली आहे हेही चांगलं. तिच्यामुळे रंग गडद येतो आणि साध्या साखरेत नसलेला एक हलका भाजका गोडवा येतो.

यीस्टची पुडीही पुरेशी आहे. थंडी आहे म्हणून कोणी दुसरी पुडी फोडतात, तसं करू नका. जास्त यीस्टनं पीठ लवकर फुगतं खरं, पण चवीला आंबूस वास येतो. थंडीत कमी पडते ती ऊब, यीस्ट नव्हे. पुडी जुनी असल्याची शंका आली तर 100 मिली कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. हे 100 मिली पाणी एकूण 250 मध्येच धरा.

कृतीचा कागद पहिल्यांदा चुकतो तो इथे. ‘कोमट पाणी घाला, 45 मिनिटं झाकून ठेवा’ एवढंच त्यात आहे. ही वेळ उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघराची. खोलीत 17 अंश असतील तर 45 मिनिटांत पीठ जेमतेम हलतं. मळून झालेलं पीठ 26 अंशांच्या आसपास हवं आणि त्यासाठी पाणी किती गरम घ्यायचं याचा सोपा हिशोब आहे. 26 ची तिप्पट 78. त्यातून खोलीचं तापमान 17 आणि पिठाचं 17 वजा केलं की उरतात 44. मळताना थोडी उष्णता तयार होते, तिचे दोन-तीन अंश आणखी वजा करा. म्हणजे पाणी 41-42 अंशांचं हवं. ते बोटाला स्पष्ट गरम लागतं, पण चटका बसत नाही. 55 च्या वर गेलात तर यीस्ट मरतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्टीलची परात थंडीत गार पडलेली असते आणि पाण्याची बरीच ऊब तीच खाऊन टाकते. परात आधी गरम पाण्यानं विसळून पुसून घ्या.

मळलेलं पीठ बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, किंवा ओव्हनच्या तळाशी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून दार लावून घ्या. असं केलं तर तासाभरात काम होतं, उघड्यावर ठेवलं तर दोन तास लागतात. घड्याळ बघू नका, पीठ बघा. ते पावणेदोनपट झालं की थांबा. पावासारखं दुप्पट-अडीचपट फुगू दिलं तर पुढे सोड्याच्या पाण्यात त्यातली हवा बसते आणि भाजल्यावर वरचं कातडं सुरकुततं. सुरकुतलेल्या प्रेट्झेलचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आकार देण्याची कागदावरची चित्रं स्पष्ट आहेत, फक्त लांबी कमी सांगितली आहे. 95 ते 100 ग्रॅमच्या एका गोळ्याची दोरी 55 ते 60 सेंटिमीटर हवी. मधला भाग, म्हणजे पोट, अंगठ्याएवढा जाड आणि दोन्ही टोकं, म्हणजे हात, पेन्सिलीएवढी बारीक ठेवा. या फरकातच खाण्याची मजा आहे: पोट लुसलुशीत, हात कुरकुरीत. ओट्यावर पीठ भुरभुरवू नका, त्यानं दोरी सरकते आणि वळलीच जात नाही. ओटा ओल्या फडक्यानं किंचित पुसला की पकड येते. दोरी सारखी आखडत असेल तर जोर लावू नका. आठही दोऱ्या अर्ध्या लांबीपर्यंत करून झाकून ठेवा आणि दहा मिनिटांनी पहिलीपासून पुन्हा लांबवा. मग इंग्रजी यू आकार, टोकांना दोन पीळ, आणि टोकं खाली आणून पोटाच्या दोन्ही बाजूंना घट्ट दाबायची. दाबण्याच्या जागी पाण्याचा एक थेंब लावा, नाहीतर भाजताना हात सुटतात.

त्यानंतरची पायरी कागदावर नाहीच, आणि तिच्यावाचून चालत नाही. वळलेले प्रेट्झेल 15 मिनिटं उबेत ठेवा आणि मग न झाकता अर्धा तास फ्रिजमध्ये. थंडीत घरातला एखादा गारठलेला, वारा लागणारा कोपराही चालतो. वरून कोरडी साय धरल्यासारखं कातडं तयार होतं. त्यामुळे प्रेट्झेल उचलताना वेडेवाकडे होत नाहीत आणि सोड्याचं पाणी आत मुरण्याऐवजी वरच राहतं. चमकही या कातड्यावरच चढते.

आता सोड्याची पुडी. प्रेट्झेल आणि साधा पाव यांत फरक करणारी वस्तू हीच, आणि किट कमी पडतं तेही इथेच. भाजण्याआधी पिठाच्या पृष्ठभागावर अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) लागली की तिथला स्टार्च चिकट होऊन चकाकी धरतो, आणि साखर व प्रथिनांमधली तांबूस रंग आणणारी प्रक्रिया झपाट्यानं होते. प्रेट्झेलचा तो खास वास आणि किंचित खारट-कडसर चव त्यातूनच येते. जर्मनीतल्या बेकऱ्या यासाठी खाद्य दर्जाच्या कॉस्टिक सोड्याचं 3 ते 4 टक्के द्रावण वापरतात. त्याचा पीएच, म्हणजे अल्कलीपणा मोजणारा अंक, 13 च्या वर असतो. साध्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच 8 च्या जरा वर असतो. या पट्टीवरचा एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे दोन्हींतलं अंतर प्रचंड आहे. त्यात कागद सांगतो की 40 ग्रॅम सोडा दोन लिटर पाण्यात घाला. एवढ्या पातळ पाण्यातून निघालेले प्रेट्झेल फिकट बदामी होतात, चवीला बनपावासारखे लागतात.

उपाय त्याच पुडीत आहे. 40 ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून 120 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर भाजा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन साधारण 25 ग्रॅम भरतं आणि उरतो सोडियम कार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा पीएच 11 च्या पुढे जातो. कॉस्टिकची बरोबरी होत नाही, पण रंग, चकाकी आणि चव यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हा भाजलेला सोडा दोन लिटरमध्ये नाही, 750 मिली पाण्यात घाला. पाणी कमी असल्यानं पसरट, उथळ भांडं घ्या. ते स्टीलचंच हवं. अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा कढई यात काळी पडते आणि धातू पाण्यात उतरतो. पाणी वाफाळतं पण उकळी नसलेलं ठेवा. प्रत्येक प्रेट्झेल झाऱ्यावर ठेवून एका बाजूनं 10 आणि उलटून 10 सेकंद. बाहेर काढल्यावर झारा तिरका धरून पूर्ण निथळू द्या, कारण पोटाखाली साचलेलं पाणी भाजल्यावर साबणासारखं लागतं. भाजलेला सोडा त्वचेला झोंबतो, त्यामुळे हातमोजे घाला आणि तो चुकूनही नेहमीच्या सोड्याच्या डब्यात ओतू नका. डब्यावर वेगळं नाव लिहून घट्ट झाकणाखाली ठेवा.

सोडा भाजायचा कंटाळा असेल तर निदान पाणी एक लिटरच घ्या, पुडीत घरातला 20 ग्रॅम खाण्याचा सोडा आणखी घाला आणि उकळत्या पाण्यात 30 सेकंद ठेवा. सोडा चमचा चमचा टाका, एकदम टाकला तर फसफसून गॅसवर उतू जातो. रंग मध्यम येईल. त्याहून जास्त वेळ ठेवून रंग वाढवायला गेलात तर चव धातूसारखी होते.

कॉस्टिक सोड्याबद्दल इतकंच सांगते की तो खाद्य दर्जाचाच हवा. नळ्या साफ करायला मिळणारा कधीच नाही. जाड हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि नेहमी थंड पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी नाही. 970 मिली पाण्याला 30 ग्रॅम पुरतो आणि 15 सेकंद बुडवलं की झालं. घरात लहान मुलं वावरत असतील तर हा मार्ग घेऊ नका. भाजलेल्या सोड्याचे प्रेट्झेल पुरेसे छान होतात.

किटमधलं जाड मीठ मात्र अस्सल आहे. त्याचे खडे पांढरे, दाट असतात आणि ओलसर पृष्ठभागावर लगेच विरघळत नाहीत. घरातलं बारीक मीठ टाकलं तर ते भाजेपर्यंत पाणी होऊन डाग पाडतं. प्रेट्झेल निथळल्यावर ओले असतानाच मीठ टाका, वाळल्यावर खडे चिकटत नाहीत. एकेकाला दोन ग्रॅम पुरतं, म्हणजे थोडं मीठ पुढच्या वेळेला उरतं. मग धारदार पात्यानं पोटावर आडवा, अर्धा सेंटिमीटर खोल काप द्या. दक्षिण जर्मनीत श्वाबियाच्या प्रेट्झेलना असा काप असतो आणि हात बारीक, करकरीत असतात. बव्हेरियाचे प्रेट्झेल जाड हातांचे आणि सहसा न कापलेले, भाजताना आपोआप फुटलेले. काप दिला तर कुठे फुटायचं ते आपण ठरवतो. घरच्या ओव्हनला तेच बरं.

भाजण्यासाठी कागद 200 अंश आणि 20 मिनिटं सांगतो. एवढ्या वेळात आतला ओलावा उडतो आणि मऊ प्रेट्झेल कडक पाव होतो. ओव्हन 230 अंशांवर वीस मिनिटं तापवा आणि मधल्या कप्प्यात 12 ते 14 मिनिटं भाजा. थंडीत लहान ओव्हनचं दार उघडलं की तापमान धाडकन उतरतं, म्हणून ट्रे आत सरकवायला लागणारे चार सेकंद सोडले तर दार उघडू नका. वरची सळई जवळ असेल तर आठव्या मिनिटाला नुसत्या खालच्या सळईवर आणा. ओव्हन 200 च्या वर जातच नसेल तर 16 मिनिटांवर थांबा. रंग गडद तांबूस, जुन्या सागवानासारखा आला पाहिजे. सोनेरी रंगावर काढलात तर घाई झाली. ट्रेवर साधा बटर पेपर टाकलात तर त्याला तुपाचा हात फिरवा, कारण सोड्याचं पाणी लागलेला कागद बुडाला घट्ट चिकटतो. सिलिकॉनची चटई असेल तर प्रश्नच नाही.

बाहेर काढल्याबरोबर जाळीवर ठेवा आणि वितळलेल्या बटरचा हात फिरवा. दहा मिनिटांनी खायला घ्या, त्याआधी आतला गर चिकट लागतो.

एकंदरीत, पहिल्यांदा करणाऱ्यानं हे किट एकदा जरूर आणावं. पिठाचं प्रमाण हाताला कळतं आणि मिठाचा दर्जा कसा असावा तेही. पाच ताऱ्यांपैकी साडेतीन. दीड तारा सोड्याच्या आणि कागदाच्या चुकीसाठी कापला आहे. दुसऱ्या वेळेला किट लागत नाही: 500 ग्रॅम मैदा, 270 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर किंवा मॉल्ट पावडर, 6 ग्रॅम यीस्ट, 35 ग्रॅम बटर, आणि भाजलेल्या सोड्याची बरणी.

उरलेले प्रेट्झेल हवाबंद डब्यात ठेवू नका. मीठ ओलावा ओढतं आणि सकाळपर्यंत वरून चिखल होतो. त्याच दिवशी संपणार असतील तर कापडात गुंडाळून ठेवा. नंतर खायचे असतील तर ते मीठ न लावता भाजून, पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवा. खायच्या वेळी पाण्याचा हात फिरवून मीठ टाका आणि 180 अंशांवर आठ मिनिटं गरम करा.