चेस्टर बीटीचं ऑनलाइन कुराण: मोठ्या स्क्रीनवरच बघा

डब्लिनच्या चेस्टर बीटी म्युझियमने त्यांच्याकडचं इब्न अल-बव्वाब या नामांकित कॅलिग्राफरने लिहिलेलं कुराण नेटवर फुकट बघायला ठेवलंय आणि अरबी कॅलिग्राफीचं थोडं जरी वेड असेल तर रात्री उघडू नका, झोपेचं खोबरं होतं. बगदादमध्ये लिहिलेलं, हिजरी 391 म्हणजे इ.स. 1000-01 चं, चामड्यावर नाही तर कागदावर, आणि आधीच्या कोनदार कुफी लिपीऐवजी गोलसर वळणाच्या नस्ख लिपीत. प्रत तशी छोटीशीच, पण अक्षर काय आहे राव! ओळ कुठे हलतच नाही, झूम केलं की बोरू कुठे वळला, शाई कुठे दाट झाली सगळं दिसतं. सुरुवातीच्या पानांवर सुरा (अध्याय), आयती (त्यातली वचनं), शब्द, अक्षरं यांची चक्क मोजदाद दिलीये, तीही सोनेरी नक्षीच्या चौकटीत (हिशोब इतका देखणा असू शकतो!). समासातली गोल पदकं नुसती सजावट नाहीत, आयती मोजायची खूण आहे ती. एकच गोष्ट खटकते, स्क्रीनवर सोनं पिवळट दिसतं, पान कलतं केल्यावर जी चमक येते ती कुठून आणणार. मोबाईलवर तर बघूच नका, निम्मी मजा जाते. माझ्याकडून साडेचार स्टार.